बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातील मुलाला डिस्लेक्सिया आहे. महाविद्यालयाकडे नेमके काय मागावे? (वडोदरा)

रावपुऱ्यातली_आई यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून वडोदऱ्यातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली मूळची अक्षमता, असल्याचे तो चौथीत असताना लक्षात आले आणि चौदाव्या वर्षी सरकारी रुग्णालयातून रीतसर प्रमाणपत्रही मिळाले. शाळा गुजराती माध्यमाची होती. तिथल्या एका बाईंनी त्याला शेवटपर्यंत सांभाळून घेतले, बोर्डाच्या दोन्ही परीक्षांना वाढीव वेळ मिळाला आणि बारावीला तो बासष्ट टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाला, त्यामुळे आता पुढचे सुरळीत होईल अशा समजुतीत आम्ही राहिलो.

महाविद्यालयात सगळे शिक्षण इंग्रजीतून आहे. बारावीपर्यंत तो ज्याला 'काचुं सरवैयुं' म्हणत आला, त्याला, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींच्या यादीला, वर्गात 'ट्रायल बॅलन्स' म्हणतात आणि सहकारी बँकेत हिशेबनीस असलेले त्याचे आजोबा संध्याकाळी शिकवायला बसले की त्यालाच 'तेरीज' म्हणतात. लिप्याही तीन झाल्या. गुजरातीतला पाचाचा आकडा आणि 'प' हे अक्षर जवळजवळ सारखेच दिसते, त्यावर त्याने लहानपणी किती मार खाल्ला असेल, ते आठवले की अजून वाईट वाटते. तोंडी विचारले तर कोणती रक्कम नावे आणि कोणती जमा, हे तो न चुकता सांगतो, परंतु लिहायला बसला की आकड्यांची अदलाबदल होते आणि तीन तासांच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न हमखास राहतात. पहिल्या वर्षी दोन विषय गेले.

मी कार्यालयात दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी "लखीने आपो, पछी जोईशुं" असे उत्तर मिळाले, म्हणून लिहून दिले. दुसऱ्या वेळी प्रमाणपत्र जुने झाले आहे आणि शाळेच्या सवलती कॉलेजला लागू नसतात, असे तोंडी सांगितले. हे खरे आहे का? आणि माझी त्याहून मोठी अडचण अशी की परीक्षेत वेळ मिळाला तरी वर्षभराच्या अभ्यासाचे काय, हे मला कोणाला विचारावे तेच समजत नाही. शाळेत त्या बाई होत्या. इथे सत्तर-ऐंशी मुलांच्या वर्गात त्याचे नाव तरी कोणाला ठाऊक असेल, अशी शंका येते.

खतावणी यांचे उत्तर

ताई, मी एकतीस वर्षे अकाउंट्स शिकवले आणि त्यांपैकी काही वर्षे परीक्षा विभागाचेही काम पाहिले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. त्या कार्यालयाने तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. त्यांतली पहिली बरोबर आणि दुसरी चूक आहे.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्ययन अक्षमतेचे (डिस्लेक्सिया त्यातच येतो) प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. तुमच्या मुलाला एकोणीस पूर्ण होत आले, म्हणजे ही शेवटची तपासणी राहून गेली आहे. ती आधी करून घ्या. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावरून करता येतो आणि त्यातूनच युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्रही मिळते. तपासणीला जाताना जुने प्रमाणपत्र, शाळेच्या बाईंचे पत्र आणि बोर्डाच्या सवलतीची कागदपत्रे सोबत न्यावीत. मुलाचे शिक्षण बारावीपर्यंत गुजरातीतून झाले आहे, हे मानसतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. नाहीतर इंग्रजीचा सराव कमी असणे आणि वाचनाची मूळ अक्षमता असणे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि ती गल्लत मुलाच्या बाजूने होईलच असे नाही.

आता दुसरी गोष्ट. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारच्या अक्षमता होत्या, नव्या कायद्यात एकवीस आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत नावानिशी आलेली आहे. या कायद्याच्या सतराव्या कलमात परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक, तसेच अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल यांचा उल्लेख आहे. तेव्हा सवलती फक्त शाळेपुरत्या असतात हा कारकुनाचा स्वतःचा कायदा झाला.

वेळेचे गणितही सांगून ठेवतो. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दर तासाला किमान वीस मिनिटे भरपाईचा वेळ द्यावा असे म्हटले आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास आणि अडीच तासांच्या पेपराला पन्नास मिनिटे. अर्जात 'थोडा जास्त वेळ मिळावा' असे लिहू नका. मिनिटे लिहा, मार्गदर्शक तत्त्वांची तारीख लिहा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. माझ्या अनुभवात ज्या अर्जावर आवक क्रमांक असतो त्याला उत्तर द्यावे लागते, आणि ज्यावर नसतो तो कोणाच्या तरी खणात वर्ष काढतो.

लेखनिक मागावा की नाही, याबद्दल मात्र घाई करू नका. तुमच्या मुलाला आकडेमोड समजते, फक्त वाचताना आणि उतरवताना आकडे फिरतात. अशा मुलाला लेखनिकापेक्षा वाचकाचा उपयोग जास्त होईल असे मला वाटते. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत लेखनिकाबरोबर वाचकाचीही सोय सांगितली आहे. वाचकाने प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी आणि मुलाने लिहिलेली रक्कम त्याला परत ऐकवावी, एवढ्यानेच अर्ध्याहून अधिक चुका त्याच्या त्यालाच सापडतील. हिशेबाच्या पेपराला वाणिज्य शाखेबाहेरचा लेखनिक आला तर खतावणीचे (लेजरचे) रकाने कसे आखायचे इथपासून त्याला सांगावे लागते आणि मिळालेला तास तिथेच संपतो. हे मी पर्यवेक्षक म्हणून प्रत्यक्ष पाहिले आहे.

दांडियाबाजार_६८ यांचे उत्तर

कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, पण वेगळे मत मांडतो. मी एका कंपनीच्या हिशेब विभागात बावीस वर्षे काढली. तिथे मार्चअखेरीस कोणी वीस मिनिटे वाढवून देत नाही आणि रक्कम उलटी लिहिली तर कोणी डिस्लेक्सियाचे प्रमाणपत्र पाहत नाही. मुलाला आज सांभाळून घेतले तर उद्या तो उघड्यावर पडेल. त्यापेक्षा त्याला झेपेल असा दुसरा विषय निवडायला लावणे अधिक प्रामाणिक नाही का?

खतावणी यांचे उत्तर

दांडियाबाजारकर, तुमच्या विभागात मार्चअखेरीस हाताने खतावणी कोण लिहीत होते? टॅलीत एकदा व्हाउचर नोंदवले की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद सॉफ्टवेअर स्वतः तयार करते. माणसाकडे उरते ती नोंद कोणत्या खात्यावर जावी हे ठरवण्याची अक्कल, आणि ती या मुलाकडे आहे असे त्याची आई सांगते आहे. परीक्षा नेमकी उलटी आहे, ती यंत्राचे काम माणसाकडून तीन तासांत करून घेते. त्या तीन तासांवरून मुलाने विषयच सोडावा, हे मला पटत नाही.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. आकडे फिरण्याची चूक पकडायची सवय त्याला लागलीच पाहिजे, कारण ती चूक आयुष्यभर राहणार आहे. यासाठी जुन्या हिशेबनिसांची एक युक्ती आहे आणि ती आजोबांना नक्की ठाऊक असणार. तेरजेच्या दोन्ही बाजूंत फरक आला आणि त्या फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी दोन शेजारचे अंक उलटे पडलेले असतात. त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहिले की फरक सत्तावीस येतो, एक्क्याण्णवच्या जागी एकोणीस लिहिले की बहात्तर येतो. बाकीच्या मुलांना मी हे गंमत म्हणून सांगत असे. तुमच्या मुलाने ते रोजचे हत्यार म्हणून वापरावे. शिवाय चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक, आणि बेरीज एकदा वरून खाली व एकदा खालून वर, असा नेम ठेवावा.

पांढरी_काठी_प्रतापनगर यांचे उत्तर

मी पूर्णतः दृष्टिहीन असून याच शहरात बी.ए. आणि एम.ए. केले आहे. ताईंच्या मुलाची अडचण माझ्याहून वेगळी आहे, परंतु त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाचे काय, याला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

परीक्षेची सोय ही सर्वांत सोपी सोय आहे, कारण ती वर्षातून दोनदाच करावी लागते आणि तिचा नियम छापलेला असतो. अवघड असते ते सोमवार ते शनिवार. माझे पहिले सत्र पुस्तके मिळवण्यातच गेले. ग्रंथालयातून पुस्तक आणायचे, बहिणीने पाने स्कॅन करायची, संगणकाने त्यांतला मजकूर ओळखायचा आणि मग एनव्हीडीए या मोफत वाचकप्रणालीने तो मला ऐकवायचा. हे सगळे जमेपर्यंत वर्ग तीन प्रकरणे पुढे गेलेला असे. दुसऱ्या सत्रापासून मी एकच गोष्ट बदलली: सुट्टी लागण्याआधीच प्रत्येक शिक्षकांना भेटून पुढील सत्राच्या पुस्तकांची यादी मागू लागलो. चौघांपैकी तिघांनी दिली. त्या एका यादीने माझे जेवढे काम केले तेवढे नंतरच्या कोणत्याही उपकरणाने केले नाही.

तुमच्या मुलाला ऐकून समजते, तेव्हा त्याला छापील पुस्तकाच्या आधी ऐकण्याजोगा मजकूर मिळाला पाहिजे. अँड्रॉइड फोनमध्ये निवडलेला मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते, संगणकावर एज ब्राउझर पीडीएफ फाइल मोठ्याने वाचतो. यांना पैसे पडत नाहीत. मजकूर ऐकताना डोळ्यांनी ओळ पाहत राहिले तर इंग्रजी शब्दांची ओळख हळूहळू पक्की होते, असे माझ्या वर्गातील डिस्लेक्सिया असलेल्या एका मैत्रिणीचे म्हणणे होते. पण एक सावधगिरी सांगतो. ताळेबंदाचे पान स्कॅन केले की संगणक डावा आणि उजवा रकाना एकत्र करून वाचतो, देणी आणि मालमत्ता यांची खिचडी होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपलीच समज कमी आहे. अशी पाने कोणीतरी माणसानेच वाचून ध्वनिमुद्रित करावीत. आजोबा आहेतच, फक्त त्यांना 'तेरीज' म्हणण्याआधी 'ट्रायल बॅलन्स' म्हणायला सांगा.

पुस्तक स्कॅन करण्याबद्दल कोणी कॉपीराइटची भीती घातली तर घाबरू नका. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली असून दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे यासाठी नफ्याविना पुस्तकाची सुगम प्रत करायला त्यात मुभा आहे. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू आहे. वाणिज्य शाखेची अभ्यासक्रमाची पुस्तके तिथे मिळतीलच अशी आशा ठेवू नका, पण छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी ते आहे, तेव्हा सभासद व्हायला हरकत नाही.

आणखी एक, थोडे स्पष्टच लिहितो, राग मानू नये. तुम्ही 'मी कार्यालयात गेले', 'मी लिहून दिले' असे लिहिले आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. शाळेत पालकाच्या पत्रावर सगळे चालते, महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या सहीचा अर्ज लागतो, आणि ते बरोबरही आहे. माझी आई पहिल्या वर्षी माझ्याबरोबर येत असे आणि सगळे प्राध्यापक माझ्याऐवजी तिच्याशी बोलत, जणू मला ऐकूही येत नव्हते. त्याला स्वतःला काय हवे आहे हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेले नाही.

रावपुऱ्यातली_आई यांचे उत्तर

राग मुळीच नाही. तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि त्याला विचारले. तो म्हणाला की त्याला वेगळ्या खोलीत बसायचे नाही, कारण पहिल्याच पेपरानंतर सगळे कारण विचारतील. वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये, एवढे एकच त्याला हवे आहे. एका सरांच्या तासाला पाळीपाळीने उतारे वाचावे लागतात आणि त्या दिवशी तो महाविद्यालयातच जात नाही. हे मला आज कळले. गेल्या वर्षी त्याची हजेरी कमी भरली त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

एक_प्राध्यापिका यांचे उत्तर

ताई, मी वडोदऱ्यातच शिकवते, अर्थशास्त्र हा माझा विषय. तुम्ही आत्ता लिहिलेली गोष्ट आमच्यापर्यंत कधीच येत नाही. आम्हाला दिसते ती गैरहजेरी, आणि आम्ही तिला बेफिकिरी समजतो. माझ्या वर्गात असा विद्यार्थी होता हे मला त्याच्या निकालानंतर कळले, याची मला अजूनही खंत वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की अर्ज दोन असावेत. एक परीक्षा विभागासाठी, ज्यात खतावणी सरांनी सांगितलेली कलमे आणि मिनिटे असतील. दुसरा प्रत्येक विषयाच्या शिक्षकासाठी, अर्ध्या पानाचा, साध्या भाषेत आणि मुलाने स्वतः जाऊन द्यायचा. त्यात अक्षमतेचा इतिहास नको. 'मला वर्गात अचानक मोठ्याने वाचायला सांगू नये', 'फळ्यावरच्या उदाहरणाचा फोटो काढू द्यावा', 'व्याख्यान माझ्यापुरते ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी द्यावी', 'अंतर्गत परीक्षेतील एखादे उत्तर तोंडी घेता आले तर घ्यावे' अशा तीन-चार गोष्टी पुरेत. शिक्षकाला 'मुलाकडे लक्ष द्या' असे सांगितले तर तो मान डोलावतो आणि विसरतो. 'मंगळवारच्या तासाला त्याला उतारा वाचायला सांगू नका' असे सांगितले तर ते त्याच्या लक्षात राहते. शेवटच्या मागणीला काही जण नकार देतील, कारण तोंडी उत्तराची नोंद ठेवावी लागते. पहिल्या तीन मागण्या नाकारायला कोणाला कारण सापडणार नाही.

वेगळ्या खोलीबद्दल. वाचक घेतला तर वेगळे बसावेच लागेल, कारण बोलण्याचा इतरांना त्रास होतो. नुसता वाढीव वेळ घेतला तर तो आपल्या नेहमीच्या जागीही बसू शकतो, मात्र बाकीचे पेपर देऊन निघून जात असताना त्या गोंधळात शेवटचा तास लिहावे लागेल. दोन्ही पद्धती अंतर्गत परीक्षेत एकेकदा करून पाहाव्यात आणि मग त्यानेच ठरवावे. लेखनिक किंवा वाचक घ्यायचा ठरलाच, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटता यावे अशी तरतूद २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ती अवश्य वापरावी. आदल्या रात्री ठरवलेला अनोळखी माणूस आणि घाबरलेला विद्यार्थी ही जोडी मी पाहिली आहे.

नव्या प्रमाणपत्रात टक्केवारी चाळीसपेक्षा कमी आली आणि त्यावरून कोणी अडवले, तर ११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अर्जाला जोडा. त्या खटल्यातील अर्जदार विकास कुमार यांना लिहिताना हातात पेटके येण्याचा विकार होता, चाळीस टक्क्यांची अट दाखवून त्यांना लेखनिक नाकारला गेला होता आणि न्यायालयाने ती अडवणूक चुकीची ठरवली. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीस टक्क्यांहून कमी अक्षमता असूनही लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. एवढ्यानेही दार उघडले नाही तर राज्याचे दिव्यांगजन आयुक्त आहेत. पण बहुतेक ठिकाणी तिथवर जावे लागत नाही. ज्या संस्थानात १९०६ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, त्या शहरात एका वाचकासाठी आयुक्तांकडे जावे लागले तर ती आम्हा शिक्षकांची नामुष्की आहे.

दांडियाबाजार_६८ यांचे उत्तर

मोठ्याने वाचण्याच्या भीतीने मुलगा महाविद्यालयातच जात नाही, हे मला आधी ठाऊक नव्हते. विषय बदलण्याबद्दल मी जे लिहिले ते मागे घेतो. टॅली शिकायला त्याला माझ्याकडे पाठवायचे असेल तर कळवावे, माझ्याकडे वेळ आहे. फी नको.

रावपुऱ्यातली_आई यांचे उत्तर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. तपासणीची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. परीक्षा विभागाचा अर्ज त्याने स्वतः सही करून दिला आणि आवक क्रमांक घेतला. उत्तर अजून आलेले नाही. शिक्षकांची पत्रे मात्र त्याने एकट्याने दिली, मी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिले. पाचांपैकी चौघांनी लगेच मान्य केले. उतारे वाचायला लावणाऱ्या सरांनी त्याला थांबवून घेतले आणि त्यांचा पुतण्याही असाच आहे, त्याची शाळा कोणती निवडावी, असे उलट त्यालाच विचारले. तो घरी येऊन हे सांगताना इतका मोठा झाल्यासारखा वाटला की मी काही बोलले नाही.

काल रात्री तेरीज जुळत नव्हती. फरक ५४० आला. त्याने नऊने भागून पाहिले, साठ आले, मग तो एकेक खाते बोटाने तपासत गेला आणि विजेच्या बिलाच्या खात्यात १,८२० च्या जागी १,२८० लिहिलेले त्याला सापडले. आजोबा शेजारी बसले होते. त्यांनी ती चूक आधीच पाहिली होती, असे त्यांनी मला नंतर स्वयंपाकघरात येऊन सांगितले.

आता एक नवा प्रश्न आहे. चौथ्या सेमिस्टरला त्याला ऑडिटिंग घ्यायचे आहे आणि त्या विषयात आकड्यांपेक्षा वाचनच जास्त आहे. त्या पुस्तकाची प्रकरणे इंग्रजीतून वाचून ध्वनिमुद्रित करून देईल असे कोणी वडोदऱ्यात आहे का? आजोबांना आता चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही आणि माझे इंग्रजी उच्चार ऐकून तो हसतो.

पांढरी_काठी_प्रतापनगर यांचे उत्तर

माझी बहीण वाचेल, तिचा आता चांगलाच हात बसला आहे. पहिली तीन प्रकरणे दिवाळीच्या सुट्टीआधी पाठवा, आणि पान क्रमांक प्रत्येक वेळी मोठ्याने घ्यायला हवा आहे का, तेवढे त्याला विचारून कळवा.